गेमचा रिमोट जोडला अन् संगणक निळा पडला? फॉरमॅट मारण्याआधी हे करा

सुट्टी लागली की पोरं घरच्या संगणकाला गेमपॅड, म्हणजे गावाकडं ज्याला जॉयस्टिक किंवा गेमचा रिमोट म्हणतात तो जोडतात. त्यासोबत कुठलं तरी सॉफ्टवेअर टाकलं जातं. मग खेळता खेळता पडदा निळा होतो आणि संगणक आपोआप बंद-चालू होत राहतो. दुकानात नेला की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारावा लागेल." पण फॉरमॅटमध्ये डेस्कटॉपवर ठेवलेले सातबारे, मुलांचे दाखले, दुधाचा हिशेब, लग्नाचे फोटो सगळं जाऊ शकतं. दोष ड्रायव्हरचा असेल तर एवढं करायची गरज नसते.

एका ड्रायव्हरने सगळं का बंद पडतं?

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि जोडलेली वस्तू यांच्यातला दुभाषी. साधं अ‍ॅप बिघडलं तर तेवढंच बंद होतं. पण बरेच ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतात. तिथं चूक झाली की माहिती खराब होऊ नये म्हणून विंडोज स्वतःच थांबतं. मोटार जळू नये म्हणून स्टार्टर ट्रिप होतो, तसंच हे.

१९ जुलै २०२४ ला जगाने हेच पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट आलं आणि सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. त्यातले बरेच संगणक फॉरमॅट न करता, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढल्यावर सुरू झाले.

काय करायचं? (विंडोज १० आणि ११)

१. निळ्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. खाली 'स्टॉप कोड' असतो. कधी कधी बिघडलेल्या फाइलचं नावही दिसतं. दुरुस्तीवाल्याला हा फोटो फार उपयोगी पडतो.

२. गेमपॅडची वायर काढा. ब्लूटूथचा असेल तर बंद करा. मात्र नुसती वायर काढून दरवेळी भागत नाही. काही सॉफ्टवेअर नकली गेमपॅड तयार करणारा ड्रायव्हर टाकतात, तो रिमोट नसतानाही विंडोजसोबत सुरू होतो.

३. सेफ मोडमध्ये जा. शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट' करा. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि शेवटी ४ चं बटण. विंडोज उघडतच नसेल तर चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. दोन-तीनदा असं केलं की दुरुस्तीचा पडदा येतो. काही लॅपटॉप इथं बिटलॉकरची ४८ अंकी की मागतात. ती बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.

४. सेफ मोड चालला की सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या.

५. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून गेमपॅडचं सॉफ्टवेअर काढा. सेफ मोडमध्ये निघत नसेल तर पुढची पायरी आधी करा.

६. स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'व्ह्यू'मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. गेमपॅडचं नाव बहुधा 'ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस'मध्ये, नकली गेमपॅडचं 'सिस्टिम डिव्हायसेस'मध्ये सापडतं. त्यावर 'अनइन्स्टॉल' करताना ड्रायव्हरही काढण्याच्या चौकटीत टिक करा. कीबोर्ड-माऊसही याच यादीत असतात, म्हणून नावाची खात्री झाल्याशिवाय हात लावू नका. ड्रायव्हर अपडेट केल्यावर त्रास सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' पुरतं.

७. संगणक नेहमीसारखा सुरू करा आणि दोन-तीन दिवस रिमोटविना वापरून बघा. सेफ मोडमध्येही पडदा निळा होत असेल तर रॅम, हार्ड डिस्क किंवा तापणं असा दुसरा बिघाड असू शकतो. तेव्हा दुकान गाठावं.

पुन्हा त्रास नको म्हणून

एक्सबॉक्सच्या गेमपॅडला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो किंवा विंडोज अपडेटमधून येतो. अनेक साध्या यूएसबी गेमपॅडनाही वेगळं काही लागत नाही. जुन्या प्लेस्टेशन ३ च्या रिमोटला मात्र वेगळा ड्रायव्हर लागतो आणि घोळ तिथंच होतो. ड्रायव्हर घ्यायचाच असेल तर बनवणाऱ्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. जुना ड्रायव्हर चालावा म्हणून विंडोज सिक्युरिटीतली 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करा, असं एखाद्या व्हिडिओत सांगितलं तरी करू नका. ज्या संगणकावर घरचे कागद आहेत, त्याची राखण त्याच सोयीवर चालते.

आणि दुकानात न्यायची वेळ आलीच, तर पहिला शब्द हाच सांगा: "आधी डेटा काढून द्या, मग फॉरमॅटचं बघू."