राज्याच्या सीमेआधी विद्यापीठाची सीमा

सीमाप्रश्नाचा इतिहास आपण बहुधा १ नोव्हेंबर १९५६ पासून सांगू लागतो. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, हे खरेच. परंतु बेळगावच्या महाविद्यालयांपुरते पाहिले, तर ही सीमा सात वर्षे आधीच आखली गेली होती, आणि तीही विद्यापीठाच्या कायद्याने.

१८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेणारे होते. शिकवायचे महाविद्यालयाने, पदवी द्यायची विद्यापीठाने. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना अध्यापन व संशोधनाची वाट मोकळी करून दिली आणि संलग्नतेचे नियम कडक केले. पदव्युत्तर विभाग, मोठी ग्रंथालये, पीएच.डी.चे मार्गदर्शन हे सारे कालांतराने विद्यापीठाच्या आवारात एकवटले. महाविद्यालयाकडे उरले ते वर्ग, आणि भोवतालच्या तालुक्यांतून येणारे विद्यार्थी. कोणते विषय शिकवावेत, उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहावी, हे मात्र विद्यापीठाची अभ्यासमंडळे व विद्वत्सभा ठरवू लागल्या. संलग्नता हा म्हणूनच केवळ शैक्षणिक संबंध नाही. तो अधिकाराचा संबंध आहे.

१९३३ मध्ये बेळगावात लिंगराज महाविद्यालय निघाले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. पुढे १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचा कायदा झाला आणि १९४९ मध्ये गुजरात, बडोदा व कर्नाटक ही विद्यापीठे अस्तित्वात आली. कर्नाटक विद्यापीठाच्या क्षेत्रात धारवाड, विजापूर, उत्तर कानडा आणि बेळगाव हे जिल्हे घातले गेले. विद्यापीठाचे कामकाज मुंबईत सुरू झाले आणि १९५० मध्ये धारवाडला हलले. राज्य अजून मुंबईच होते. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणीच्या विद्यार्थ्यांचे विद्यापीठ बदलले. जिल्हा हाच घटक धरल्यामुळे त्यातील मराठी भागांचा वेगळा विचार झाला नाही. तसा विचार अशक्य होता काय? १९५६ मध्ये याच बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका वेगळा काढून मुंबई राज्यात ठेवण्यात आला. जिल्हा अभेद्य नव्हता, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

गोव्यात नेमके उलटे घडले. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीचे धेंपे व मडगावचे चौगुले महाविद्यालय मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली सुरू झाले. १९६५ मध्ये त्याच विद्यापीठाने पणजीत पदव्युत्तर केंद्र काढले. १९६७ च्या जनमत कौलाने विलीनीकरण नाकारले, तरी हा संबंध तुटला नाही. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत तो टिकला. बेळगावात शैक्षणिक संबंध राजकीय निर्णयाआधी तुटला, गोव्यात तो राजकीय निर्णयानंतर अठरा वर्षे चालला. विद्यापीठाची सीमा राज्याच्या सीमेशी जुळलीच पाहिजे असा निसर्गनियम नाही, एवढे यावरून निश्चित होते.

मग लहान महाविद्यालयाला संरक्षण कोणते? १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे डी.ए.व्ही. महाविद्यालयांचे प्रकरण आले. पंजाबी विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांवर पंजाबी हेच एकमेव माध्यम बंधनकारक केले होते. विद्यापीठ आपल्या प्रदेशाच्या भाषेचे संवर्धन करू शकते. परंतु अल्पसंख्याकांच्या संस्थेवर तेच एकमेव माध्यम लादणे अनुच्छेद २९(१) व ३०(१) यांचा भंग ठरते, असा न्यायालयाचा निर्णय झाला.

२०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले आणि विद्यापीठ धारवाडहून बेळगावच्या दारात आले. अंतर घटले; अधिकाराचा प्रश्न तसाच राहिला. मराठी विषय, मराठी प्रश्नपत्रिका, मराठीतील संशोधन यांचे भवितव्य महाविद्यालयाच्या वर्गात ठरत नाही, ते विद्यापीठाच्या सभागृहात ठरते. आपली निवेदने आजवर जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत पुष्कळ गेली. ती अभ्यासमंडळाच्या आणि विद्वत्सभेच्या बैठकीपुढेही, कायद्याच्या आधारासह, गेली पाहिजेत.