गोटा टायर

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. मित्रांबरोबर कोइंबतूरला चाललाय, तिथल्या रेस ट्रॅकवर दिवसभर आपापल्या मोटरसायकली पळवायला. (ताई, त्याने तुला सांगितलं असेलच. नसेल तर आता कळलं!) त्याचा प्रश्न साधा होता. "मामा, गाडी घेऊन चार वर्षं झाली, टायर तेच आहेत, पण नक्षी मस्त शिल्लक आहे. चालतील ना? की सरळ रेसवाले गुळगुळीत स्लिक टाकू?"

मी "बघून सांगतो" म्हटलं आणि नेहमीप्रमाणे भरकटलो. दोन रात्री डेटोनाच्या जुन्या रेसबद्दल वाचत बसलो.

आमच्या घरात टायरचं एकच शास्त्र होतं. टायर गोटा झाला की धोका. बाबा पावसाळ्याआधी स्कूटरच्या चाकाशी उकिडवे बसून नक्षीत अंगठ्याचं नख घालून बघायचे आणि पैसे कमी असले की जुन्याच टायरवर नवीन रबर चढवून आणायचे. एकदा ते चढवलेलं रबर घाटात सुटलं. नक्षी अगदी कोरी करकरीत होती! वेग चाळीसचा होता म्हणून सोललेल्या गुडघ्यावर निभावलं. रबर का सुटलं हे तेव्हा कोणीच विचारलं नाही. ते मला डेटोनाने सांगितलं.

फ्लोरिडातला डेटोनाचा ट्रॅक १९५९ साली सुरू झाला. २०० मैलांची मोटरसायकल रेस आधी तिथल्या समुद्रकाठच्या वाळूवर व्हायची, ती १९६१ मध्ये या ट्रॅकवर आली. त्याची वळणं ३१ अंशांनी कललेली आहेत, म्हणजे कौलारू घराच्या छपरासारखी. अशा वळणावर वेग कमी करावा लागत नाही. उलट गाडी रस्त्यात दाबली जाते आणि टायर चेपला जातो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरचा तोच भाग चपटा होतो, पुन्हा गोल होतो. लोखंडी तार एकाच जागी वाकवत राहिलं की ती गरम होते ना, तसंच. ही उष्णता टायरच्या पोटात तयार होते आणि जाड रबरातून तिला चटकन बाहेर पडता येत नाही. शेवटी आतले कापडाचे थर आणि वरचं रबर यांची पकड सुटते. टायर झिजून संपत नाही, आतून शिजतो.

१९७२ साली कावासाकी आणि सुझुकी ७५० सीसीची तीन सिलिंडरची इंजिनं घेऊन डेटोनाला उतरल्या. सरळ रस्त्यावर त्यांना कोणी हात लावू शकत नव्हतं. पण त्यांचे मागचे टायरच ती ताकद पेलेनात, चिंध्या होऊ लागल्या. जिंकला कोण? डॉन एम्डी, ३५० सीसीच्या यामाहावर! निम्म्याहून लहान इंजिन, पण टायर शेवटपर्यंत टिकले. (त्याचे वडील फ्लॉइड एम्डी यांनी हीच रेस १९४८ मध्ये वाळूवर जिंकली होती. घराण्यात असतं एकेक.)

यातून कोणी लहान इंजिनाकडे वळलं का? छे. १९७४ मध्ये यामाहाच स्वतःची चार सिलिंडरची राक्षसी गाडी घेऊन आली आणि जाकोमो आगोस्तिनी तिच्यावर जिंकला. इंजिनवाले दरवर्षी पुढे पळत होते, रबरवाले धापा टाकत मागून येत होते आणि मधलं अंतर रायडरच्या हाडांनी भरून निघत होतं.

ते शब्दशः दिसलं मार्च १९७५ मध्ये. चोवीस वर्षांचा इंग्लिश रायडर बॅरी शीन ट्रॅकवर सरावाच्या फेऱ्या मारत होता. माहितीपट करणारे कॅमेरे त्याच्या मागावर होते. ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगात मागचा टायर फुटला. मांडी, हात, गळ्याचं हाड, बरगड्या, सगळं मोडलं. सात आठवड्यांनी हा माणूस पुन्हा रेसमध्ये होता, आणि १९७६ व १९७७ मध्ये ५०० सीसीचा जगज्जेता झाला. ही गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला मात्र राहून राहून त्या टायरच्या निवडीचा विचार येतो. १९७६ चा डेटोना विजेता जॉनी चेकोत्तो रेस संपवून थांबला तेव्हा त्याच्या मागच्या टायरचं रबर आतले धागे दिसेपर्यंत गेलं होतं. त्यालाही आपण विजयच म्हणतो.

याच वर्षांत रेसमध्ये स्लिक आले, म्हणजे मुद्दाम केलेले गोटा टायर. बाबांचं शास्त्र इथे उलटं होतं. नक्षीचं काम पाणी बाजूला सारणं. कोरड्या रस्त्यावर नक्षीचे ठोकळे नुसते इकडेतिकडे हलतात आणि हलले की तापतात. गुळगुळीत टायर जास्त जागेवर टेकतो आणि कमी हलतो. पुढे १९८० च्या दशकात रेडियल टायर आले. त्यांचे आतले थर एकमेकांना तिरके छेदत नसल्याने तिथली घासाघीस कमी झाली. मग टायरला रेसआधी तासभर विजेची दुलई पांघरून ८०-९० अंशांपर्यंत तापवायची पद्धत रुळली. कारण स्लिकची खोड अशी की जास्त तापला तर फाटतो आणि थंड असला तर साबणासारखा घसरतो.

आता सगळं सुटलं असेल असं वाटतं ना? २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडच्या ट्रॅकवर नवीन डांबर घातलं होतं. त्यावर टायर पूर्ण रेस टिकणार नाहीत हे सरावातच कळलं. २७ फेऱ्यांची मोटोजीपी १९ वर आणली आणि मध्येच गाडी बदलायची सक्ती केली. मार्क मार्केझ ठरलेल्या फेरीपेक्षा एक फेरी उशिरा आत आला आणि बाद झाला. मोजण्यात चूक! २०१६ मध्ये अर्जेंटिनात स्कॉट रेडिंगच्या मागच्या टायरचं रबर सरावात निघून गेलं आणि तिथेही रेस छोटी करावी लागली.

शेवटी प्रकरण हवेवर आलं. हवा कमी ठेवली की टायर जास्त टेकतो, पकड वाढते, पण चेपणंही वाढतं आणि पुन्हा तीच आतली उष्णता. मोह सुटत नाही म्हणून नियम आला. २०२४ मध्ये पुढच्या टायरसाठी किमान १.८ बार दाब ठरला, सेन्सरवर मोजलेला. मार्च २०२५ मध्ये थायलंडला मार्केझ पहिल्या नंबरावर होता. पुढे मोकळी हवा असल्याने टायर गार राहिला आणि दाब कमी पडला. पठ्ठ्याने वेग कमी करून धाकट्या भावाला, अ‍ॅलेक्सला, पुढे जाऊ दिलं. त्याच्या गाडीमागच्या गरम हवेत टायर तापवला, दाब वाढवला आणि शेवटच्या काही फेऱ्यांत पुन्हा पुढे जाऊन रेस जिंकली. टायरसाठी आघाडी सोडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

असो. भाच्याला मी फोन करून म्हटलं, स्लिक विसर, त्यांना तापवायची दुलई तुझ्याकडे नाही. आणि नक्षी बघू नकोस, टायरच्या कडेवरचे चार आकडे वाच. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. संध्याकाळी फोटो आला. १४१८. म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा. सेकंडहँड गाडी, मालकाने पावसात कधी काढली नसेल, म्हणून नक्षी तशीच. नखाने दाबलं तर रबर दबतच नाही, म्हणाला.

नवे टायर टाकलेत. हवेचा स्वतःचा गेज घ्यायला लावलाय, व्हॉल्व्हला धातूची टोपणं बसवलीत, आणि पहिल्या तीन फेऱ्या सावकाश मारायचं कबूल करून घेतलंय. ताई, निम्मे पैसे मी दिलेत, तेव्हा ओरडायचं असेल तर आधी मला फोन कर.