पौंडातला परदेश आणि दिनारातला परदेश

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ 20 ऑक्टोबर 1995 रोजी प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये हजारहून अधिक आठवडे चालला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या थिएटरसमोरच मुंबई सेंट्रलचे एसटी स्थानक आहे. महाड, खेड, चिपळूण, रत्नागिरीच्या गाड्या तिथून सुटतात. कुवैत किंवा सौदीहून दोन वर्षांनी सुट्टीवर आलेला कोकणी मुसलमान दोरीने करकचून बांधलेली खोकी सांभाळत तिथेच गाडीची वाट पाहत बसे. रस्त्याच्या एका बाजूला पडद्यावर परदेशस्थ भारतीय, दुसऱ्या बाजूला बाकड्यावर परदेशस्थ भारतीय. हिंदी सिनेमाने ओळख दिली ती फक्त पहिल्याला.

हा पहिला माणूसही सुरुवातीला सिनेमाला नकोसाच होता. मनोजकुमारच्या ‘पूरब और पश्चिम’मध्ये (1970) लंडन म्हणजे बिघडण्याची जागा. सायरा बानूचे सोनेरी केस आणि हातातली सिगारेट पाहिली की प्रेक्षकाला सगळे कळत असे. पंचवीस वर्षांनी चित्र नेमके उलटले. ट्रफाल्गर चौकात कबुतरांना दाणे टाकणारा बलदेव सिंग पंजाबातल्या पंजाब्यांपेक्षा अधिक पंजाबी निघाला, आणि लंडनमध्ये वाढलेला राज मुलीला पळवून नेण्याऐवजी तिच्या बापाचा होकार मिळवत बसला. ‘परदेस’ने (1997) तोच धडा गिरवला. 1991 नंतर सरकारला अनिवासी भारतीयांची गुंतवणूक हवी होती आणि निर्मात्यांना पौंडात व डॉलरमध्ये विकले जाणारे तिकीट. दोघांची गरज एकाच सुमारास जागी झाली, त्यामुळे परदेशात संस्कृती जपणारा श्रीमंत कुटुंबवत्सल भारतीय हा नवा नायक झाला.

आखातातल्या माणसाची अशी गोष्ट होऊच शकत नव्हती. 1973 मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर तिकडे बांधकामांची लाट आली आणि आपले गवंडी, सुतार, ड्रायव्हर, खलाशी निघाले. आज तिथे 80 लाखांहून अधिक भारतीय आहेत. मात्र तिथे नागरिकत्व मिळत नाही. व्हिसा कफीलच्या हाती, बहुतेकदा पासपोर्टही त्याच्याच कपाटात, आणि काम संपले की परत. बायकापोरांना नेण्याइतका पगार फार थोड्यांना. लंडनच्या सिनेमात कुटुंबच्या कुटुंब परदेशात असते, आखाताच्या गोष्टीत माणूस तिकडे आणि घर इकडे.

ही गोष्ट सांगितली ती मल्याळम सिनेमाने. 1980 मध्येच एम. टी. वासुदेवन नायर यांनी लिहिलेला ‘विल्क्कानुंडु स्वप्नंगळ’ आखातात चित्रित झाला. ‘नाडोडिक्काट्टु’मध्ये (1987) दुबईला पोहोचवतो म्हणून पैसे घेणारा गफूर दोन बेकार तरुणांना मद्रासच्या किनाऱ्यावर उतरवतो. ते अरबी झगे घालून मद्रासच्या वाळूत चालतात, तेव्हा हसता हसता एजंटांनी लुबाडलेली कितीतरी माणसे डोळ्यांपुढे येतात.

या सगळ्यांत मला सर्वाधिक खरा वाटतो तो सलीम अहमद यांचा ‘पत्तेमारी’ (2015). नाव कानाला ओळखीचे वाटेल, कारण आपल्या किनाऱ्यावर या जातीच्या गलबताला फत्तेमारी म्हणत. मम्मूटीचा नारायणन अशाच गलबतातून जातो, शेवटचे अंतर पोहून काठाला लागतो आणि उभा जन्म तिकडे राबतो. त्याच्यावर फार मोठा अत्याचार होत नाही. मागण्या तेवढ्या येत राहतात. बहिणीचे लग्न, घराची डागडुजी, कुणाला तरी घड्याळ. प्रत्येक सुट्टीत तो पाहुण्यासारखा येतो आणि त्याच्याजवळ आता काही उरले नाही, हे कुणाला सांगत नाही. ‘आडुजीवितम’मधला (2024) वाळवंटात शेळ्या राखणारा नजीब किंवा ‘गद्दामा’मधली (2011) सौदीतली मोलकरीण यांचे हाल पाहवत नाहीत, आणि ते दाखवायलाच हवेत. पण ती परिस्थितीची टोके आहेत. बहुतेकांचे आयुष्य नारायणनसारखे, हळूहळू झिजून गेले.

हिंदीत आखात आले ते वेगळ्याच वेशात. सागर सरहदींच्या ‘बाजार’मध्ये (1982) ते हैदराबादच्या गरीब घरातली कोवळी मुलगी पैशाच्या जोरावर मागणाऱ्याच्या रूपात येते. प्रश्न खरा होता, चित्रपटही उत्तम होता, पण आखातातून येणारा मुसलमान म्हणजे असाच, हा शिक्का त्याने नकळत पक्का केला. ‘एअरलिफ्ट’मध्ये (2016) 1990 च्या कुवैतमधल्या 1,70,000 च्या आसपास भारतीयांच्या सुटकेचे श्रेय एका काल्पनिक उद्योगपतीकडे गेले. अम्मानपर्यंतचा रस्ता तुडवणारा मजूर गर्दीच्या दृश्यात दिसतो. त्याला नाव नाही.

मराठी सिनेमाला कोकण भरपूर लागते. समुद्र, भुताटकी, चाकरमानी, गणपती, सगळे येते. महाड, म्हसळा, श्रीवर्धन, दापोली या पट्ट्यातली आखातच्या पैशावर उभी राहिलेली मुसलमान घरे मात्र मला मराठी पडद्यावर दिसलेली नाहीत. नवरा दोन वर्षांत दोन महिने घरी. बँकेत ड्राफ्ट वटवणे, गवंड्याशी हुज्जत घालणे, पोरांचे शाळाप्रवेश, सासऱ्याचे दवाखाने हे सगळे बाईने पाहायचे. पत्र लिहिता न येणारे नवरे कॅसेटवर बोलणे भरून सुट्टीवर येणाऱ्या गाववाल्याबरोबर पाठवत. अशा कॅसेट काही घरांत अजून आहेत. त्या वाजवायचे टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेले.