मार्गारिता शिर्गू : नटीच्या हाती आलेली मालकी



कारखाना कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आम्हा चळवळीतल्या माणसांच्या अंगवळणी पडला आहे. नाटकाच्या धंद्यातही तो विचारावा लागतो. कोणते नाटक रंगभूमीवर यावयाचे आणि कोणते वहीतच पडून राहावयाचे, हे बहुधा नट ठरवीत नाही. ज्याच्या तिजोरीतून थिएटरचे भाडे, पडदे आणि पगार निघतात, तो ते ठरवितो. स्पेनमधील एका नटीने ही तिजोरी आपल्या हाती घेतली. त्या अधिकाराचे तिने काय केले, तेवढेच आज मला सांगावयाचे आहे.

मार्गारिता शिर्गू हिचा जन्म १८ जून १८८८ रोजी बार्सिलोनाजवळच्या मोलिन्स दे रेय या गावी झाला. घर कामगाराचे. बार्सिलोनात त्या काळी कामगारांची वाचनमंडळे आणि हौशी नाट्यसंघ वस्तीवस्तीतून होते. या मुलीची नाट्यशाळा तीच. १९०६ साली झोलाच्या ‘तेरेझ राकें’ मधील तिचे काम गाजले आणि धंदेवाईक रंगभूमीने तिला बोलाविले. पुढे मूकपटांतही तिने कामे केली, पण तिचा जीव रमला तो रंगभूमीवरच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती कातालान भाषेतून स्पॅनिश रंगभूमीवर आली, आणि लवकरच स्वतःच्या नावाची मंडळी चालवू लागली.

मंडळी चालविणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या जुन्या रसिकांना सांगावयास नको. गावोगाव दौरे, दक्षिण अमेरिकेच्या सफरी, आणि खेळ पडला तरी नटांचा पगार चुकत नाही. म्हणून शिर्गूही बेनाव्हेंते, किंतेरो बंधू अशा हमखास चालणाऱ्या लेखकांची नाटके करीत असे. मात्र त्यांच्यावर मिळालेली पत तिने न चाललेल्या लेखकांसाठी खर्ची घातली. तिचे वेगळेपण मला येथेच दिसते.

फेदेरिको गार्सिया लोर्का याचे पहिले नाटक १९२० साली माद्रिदमध्ये साफ कोसळले होते. दुसरे ‘मारियाना पिनेदा’ हाती धरावयास कोणी धजत नव्हते. मारियाना ही ग्रानादाची स्त्री. उदारमतवाद्यांसाठी निशाण भरतकाम करून घेतल्याच्या आरोपावरून १८३१ साली तिला देहदंड झाला होता. देशावर प्रीमो दे रिव्हेराची हुकूमशाही असताना असले नाटक लावणे म्हणजे निखारा पदरात बांधणे! शिर्गूने तो बांधला. जून १९२७ मध्ये बार्सिलोनाच्या गोया थिएटरात पडदा उघडला. नेपथ्य होते तरुण साल्वादोर दालीचे.

१९३१ साली प्रजासत्ताक आले. माद्रिदच्या नगरपालिकेच्या एस्पान्योल थिएटरात तेव्हा तिची मंडळी खेळ करीत होती. राफाएल आल्बेर्तीच्या ‘फेर्मिन गालान’ या नाटकात ती बंदूक मागणारी देवमाता मेरी म्हणून उभी राहिली. प्रेक्षागारात असा दंगा उसळला की आगीसाठी ठेवलेला लोखंडी पडदा पाडावा लागला. १८ जून १९३३ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, मेरिदा येथील दोन हजार वर्षांच्या रोमन प्रेक्षागारात तिने सेनेकाची ‘मेदेआ’ केली. भाषांतर उनामुनोचे होते. त्या जागी आजही दरवर्षी नाट्योत्सव भरतो.

२९ डिसेंबर १९३४ रोजी लोर्काची ‘येर्मा’ आली. मूल नसलेल्या शेतकरी बाईची ती शोकांतिका. पुढे मराठीतही ‘चांगुणा’ या रूपाने ती रंगभूमीवर आली. पहिल्या रात्री उजव्या गटाच्या लोकांनी ओरडा केला, कारण प्रजासत्ताकाचे नेते आसान्या शिर्गूचे मित्र होते. प्रेक्षकांनी त्यांना गप्प बसविले, आणि नाटकाचे शंभरावर प्रयोग झाले. शहरातील इतर नटनट्यांना मात्र रोज रात्री स्वतःचेच खेळ असत. त्यांनी ‘येर्मा’ पाहावी केव्हा? म्हणून फेब्रुवारी १९३५ मध्ये, सारी थिएटरे मिटल्यावर, उत्तररात्री त्यांच्यासाठी वेगळा प्रयोग लावण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरात बार्सिलोनाच्या रांब्ला रस्त्यावरील फुलवाल्यांसाठी ‘दोन्या रोसिता’ चा खास प्रयोग झाला. श्रमणाऱ्या माणसाच्या वेळेकडे पाहून खेळाची वेळ बांधणारे मालक मी फार थोडे ऐकले आहेत.

जानेवारी १९३६ च्या अखेरीस ती अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली. मायदेशाचे दर्शन तिला पुन्हा झाले नाही. जुलैत यादवी पेटली, आणि ऑगस्टात लोर्काला ग्रानादाजवळ गोळ्या घालण्यात आल्या. फ्रँकोच्या न्यायासनाने शिर्गूची मालमत्ता जप्त केली आणि तिला कायमचे हद्दपार ठरविले. हाती उरले काय? मेलेल्या मित्राची नाटके आणि त्यांवरचा स्वतःचा विश्वास. १९३८ साली अर्जेंटिनात ‘रक्तविवाह’ वर बोलपट निघाला, त्यात तिने काम केले. मृत्यूच्या दोन महिने आधी लोर्काने पुरे केलेले ‘बेर्नार्दा आल्बाचे घर’ तिने ८ मार्च १९४५ रोजी ब्यूनोस आयर्सच्या आव्हेनिदा थिएटरात प्रथम रंगभूमीवर आणले. बेर्नार्दाची भूमिका तिचीच होती. स्पेनमधील व्यावसायिक रंगभूमीवर हे नाटक यावयास १९६४ साल उजाडले. ते तोवर जिवंत राहिले, यात या परागंदा बाईचा वाटा मोठा आहे.

१९४९ साली उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात नाट्यशिक्षणाची नगरपालिकेची शाळा निघाली. तिची धुरा शिर्गूने सांभाळली. वाचनमंडळात फुकट मिळालेली विद्या तिने सार्वजनिक शाळेतच परत केली. २५ एप्रिल १९६९ रोजी त्याच शहरात तिने देह ठेवला. १९८८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, तिचे अवशेष मोलिन्स दे रेयला परत आले.

मालकी ही वस्तू आम्हाला संशयास्पद वाटते आणि वाटत राहील. पण ती कोणासाठी पणाला लागली, हेही हिशेबात धरलेच पाहिजे. शिर्गूची मालमत्ता सरकारने जप्त केली. तिने जोखीम घेऊन उभी केलेली नाटके मात्र कोणाला जप्त करता आली नाहीत. माँटेव्हिडिओची ती शाळा आज तिचेच नाव लावते.