कनिष्ठ विजेतेपदापासून व्यावसायिक टेनिसपर्यंत : लिएंडर पेस (१९८५ ते १९९९) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारताच्या क्रीडा इतिहासाचे लेखन प्रामुख्याने हॉकी आणि क्रिकेट या दोन खेळांभोवती झाले आहे. टेनिसचा उल्लेख होतो तो बहुधा विजयांच्या यादीपुरता. खेळाडू घडतो कसा, कनिष्ठ गटातील यशानंतर त्याच्यापुढे कोणती व्यवस्था उभी असते आणि त्या व्यवस्थेत त्याला कोणता मार्ग स्वीकारावा लागतो, या प्रश्नांकडे तुलनेने दुर्लक्ष झालेले दिसते. लिएंडर पेस यांची १९८५ ते १९९९ या कालखंडातील वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. वयाच्या सतराव्या वर्षी विम्बल्डनचे कनिष्ठ विजेतेपद मिळविणारा हा खेळाडू एकेरीच्या जागतिक क्रमवारीत ७३ व्या स्थानाच्या पुढे गेला नाही. मात्र ऑलिंपिक पदक आणि दुहेरीतील अग्रस्थान त्याने मिळविले. या दोन वस्तुस्थितींचा परस्परसंबंध शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१. भारतीय टेनिसमधील कनिष्ठ यशाची पूर्वपरंपरा पाहणे.
२. पेस यांच्या जडणघडणीतील कुटुंब व संस्था यांचे स्थान स्पष्ट करणे.
३. १९९० च्या दशकातील व्यावसायिक टेनिसच्या रचनेचा त्यांच्या वाटचालीवर झालेला परिणाम तपासणे.

पूर्वपरंपरा : एकच विजेतेपद, भिन्न अर्थ

पेस यांच्यापूर्वी दोन भारतीयांनी विम्बल्डनचे मुलांचे एकेरी विजेतेपद मिळविले होते : १९५४ मध्ये रामनाथन कृष्णन यांनी आणि १९७९ मध्ये त्यांचे पुत्र रमेश कृष्णन यांनी. परंतु प्रत्येक पिढीत या विजेतेपदाचा अर्थ निराळा होता.

रामनाथन कृष्णन यांच्या काळात हौशी आणि व्यावसायिक टेनिस यांच्यात भिंत होती. व्यावसायिक झालेल्या खेळाडूला विम्बल्डनसारख्या स्पर्धांची दारे बंद होत. जॅक क्रेमर यांच्या व्यावसायिक संघात येण्याचा प्रस्ताव त्यांनी नाकारला व ते हौशीच राहिले. १९६० आणि १९६१ मध्ये त्यांनी विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली. थोडक्यात, त्या काळी कनिष्ठ विजेत्यापुढे श्रेष्ठ हौशी खेळाडू होणे हाच प्रतिष्ठेचा मार्ग होता.

१९६८ मध्ये खुल्या टेनिसचे युग सुरू झाले आणि ही भिंत कोसळली. १९७३ मध्ये एटीपी या खेळाडूंच्या संघटनेने संगणकीय क्रमवारी सुरू केली. रमेश कृष्णन यांनी १९७९ मध्ये विम्बल्डनबरोबरच फ्रेंच स्पर्धेचेही कनिष्ठ विजेतेपद मिळविले आणि अवघ्या दोन वर्षांत, १९८१ मध्ये, अमेरिकन खुल्या स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९८५ मध्ये ते क्रमवारीत २३ व्या स्थानी पोहोचले. पेस यांच्याकडून पुढे जी अपेक्षा केली गेली, तिचे मोजमाप याच आदर्शावरून ठरले होते.

जडणघडण : १९८५ ते १९९१

पेस यांचा जन्म १७ जून १९७३ रोजी कलकत्ता येथे झाला. वडील डॉ. वेस पेस हे मूळचे गोव्याचे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे ते सदस्य होते. आई जेनिफर या बास्केटबॉलपटू होत्या. खेळ हे उपजीविकेचे नव्हे तरी प्रतिष्ठेचे क्षेत्र आहे, ही जाणीव त्यांना घरातूनच मिळाली.

मात्र केवळ कौटुंबिक वारसा पुरेसा नव्हता. १९८५ मध्ये, वयाच्या सुमारे बाराव्या वर्षी, ते मद्रास येथील ब्रिटानिया अमृतराज टेनिस अकादमीत दाखल झाले. एका उद्योगसमूहाचे आर्थिक पाठबळ आणि अमृतराज कुटुंबाचा अनुभव यांतून ही संस्था उभी राहिली होती. निवास, नियमित सराव आणि डेव्ह ओमेरा यांच्यासारखे प्रशिक्षक यांची सोय तेथे होती. कृष्णन पितापुत्रांचे शिक्षण घरातील वडीलधाऱ्यांच्या हाताखाली झाले होते. त्या तुलनेत, घरापासून दूर ठेवून संस्थेमार्फत खेळाडू घडविण्याचा हा प्रयोग भारतीय टेनिसमधील महत्त्वाचे वळण मानावा लागेल.

प्रयोगाचे फळ लवकर दिसले. १९९० च्या प्रारंभी पेस यांनी ऑस्ट्रेलियन स्पर्धेत कनिष्ठ उपविजेतेपद मिळविले. त्याच वर्षी वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी जपानविरुद्ध डेव्हिस चषकात पदार्पण केले आणि जुलैमध्ये मार्कोस ओन्द्रुस्का यांना नमवून विम्बल्डनचे कनिष्ठ विजेतेपद पटकाविले. १९९१ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेतील मुलांचे विजेतेपदही त्यांच्याकडे आले. कनिष्ठ क्रमवारीत ते अव्वल ठरले. १९९१ हेच त्यांचे कनिष्ठ गटातील अखेरचे वर्ष होते आणि त्याच वर्षी त्यांनी व्यावसायिक टेनिसमध्ये प्रवेश केला.

व्यावसायिक टेनिसची रचना

कनिष्ठ गटातील पहिला क्रमांक वरिष्ठ क्रमवारीत कोणतेही स्थान मिळवून देत नाही. तेथे खेळाडूला जवळजवळ शून्यापासून प्रारंभ करावा लागतो. सर्वांत खालच्या पायरीवर त्या काळी सॅटेलाइट स्पर्धा होत. सलग काही आठवडे चालणारी ही मालिका पूर्ण केल्यावरच गुण पदरी पडत. त्यानंतर चॅलेंजर स्पर्धा आणि सर्वांत वर एटीपीच्या मुख्य स्पर्धा अशी ही उतरंड होती. पुरेशी क्रमवारी नसल्यास मुख्य स्पर्धेपूर्वी पात्रता फेरी खेळावी लागे. प्रवास, निवास आणि प्रशिक्षक यांचा खर्च प्रामुख्याने खेळाडूचाच असे.

भारतीय खेळाडूची अडचण दुहेरी होती. १९७० च्या दशकात भारतात ग्रां प्री मालिकेतील स्पर्धा होत असत. पेस व्यावसायिक झाले तेव्हा मात्र एटीपी मालिकेतील एकही स्पर्धा देशात नव्हती. अशी स्पर्धा १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि पुढील वर्षी चेन्नईत गेली. अठरा ते बावीस ही खेळाडूच्या आयुष्यातील निर्णायक वर्षे पेस यांना बहुतांशी परदेशी मैदानांवर, घरच्या स्पर्धेच्या आधाराविना काढावी लागली.

देशासाठी मिळविलेले विजय आणि क्रमवारीचे गणित : १९९२ ते १९९६

या वर्षांतील पेस यांची ठळक कामगिरी राष्ट्रीय संघातून खेळताना झालेली दिसते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रमेश कृष्णन यांच्या साथीने त्यांनी दुहेरीची उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९९३ मध्ये फ्रेजुस येथे फ्रान्सला त्यांच्याच भूमीवर, मातीच्या मैदानावर नमवून भारताने डेव्हिस चषकाची उपांत्य फेरी गाठली. १९९५ मध्ये दिल्लीच्या हिरवळीवर पहिले दोन सेट गमावल्यानंतर पेस यांनी क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविच यांना पाच सेटमध्ये पराभूत केले.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यांना वाइल्ड कार्डद्वारे प्रवेश मिळाला. तेव्हा त्यांचा जागतिक क्रमांक १२६ होता. थॉमस एन्क्विस्ट, रेन्झो फुरलान अशा प्रतिस्पर्ध्यांना मागे सारून ते उपांत्य फेरीत पोहोचले. तेथे आंद्रे अगासी यांच्याकडून ते पराभूत झाले. ३ ऑगस्ट रोजी फर्नांडो मेलिजेनी यांच्याविरुद्ध पहिला सेट गमावूनही त्यांनी ३-६, ६-२, ६-४ असा विजय मिळवून कांस्यपदक पटकाविले. १९८४, १९८८ व १९९२ या तीन ऑलिंपिकमध्ये भारताला एकही पदक नव्हते. वैयक्तिक पदकाचा विचार केला तर कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत मिळविलेल्या कांस्यपदकानंतर ४४ वर्षांनी हा क्षण आला होता.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळी डेव्हिस चषकातील विजयास एटीपी क्रमवारीचे गुण नव्हते. असे गुण पुढे २००९ ते २०१५ याच काळात दिले गेले. ऑलिंपिकसाठीही गुण देण्यास २००० पासून प्रारंभ झाला. म्हणजेच इव्हानिसेविच यांच्यावरील विजय आणि अटलांटाचे पदक या दोन्हींनी पेस यांच्या क्रमवारीत एका गुणाचीही भर घातली नाही. राष्ट्राने ज्या यशाचा गौरव केला, त्याची व्यावसायिक व्यवस्थेच्या लेखी नोंदच नव्हती.

दुहेरीकडे वळण : १९९७ ते १९९९

पेस यांचे बळ जाळ्याजवळच्या चपळ खेळात होते. पाठीमागच्या रेषेवरून जोरकस फटके खेळणाऱ्यांचे वर्चस्व वाढत असताना एकेरीत या बळाला मर्यादा पडल्या. दुहेरीत मात्र तेच निर्णायक ठरले. एकेरीत १९९७ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेची तिसरी फेरी ही त्यांची ग्रँड स्लॅममधील सर्वोत्तम कामगिरी होय. १९९८ मध्ये न्यूपोर्ट येथे त्यांनी कारकिर्दीतील एकमेव एटीपी एकेरी विजेतेपद मिळविले, न्यू हेवन येथे पीट सॅम्प्रस यांना हरविले आणि ऑगस्टमध्ये ७३ वे स्थान गाठले. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. १९९९ मध्ये महेश भूपती यांच्यासह त्यांनी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची अंतिम फेरी गाठली, फ्रेंच व विम्बल्डन विजेतेपदे जिंकली आणि दुहेरीत ते जगात पहिले ठरले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, कनिष्ठ विजेतेपदाचे मूल्य स्थिर नसते. खेळाची तत्कालीन रचना ते ठरविते. दुसरी, मद्रासच्या अकादमीने कनिष्ठ विजेता घडविला. परंतु त्यानंतरच्या चारपाच वर्षांसाठी तिच्याइतकी भक्कम व्यवस्था देशात उभी राहिली नव्हती. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन कनिष्ठ विजेते ठरलेले युकी भांबरी हेही कनिष्ठ क्रमवारीत अव्वल होते. वरिष्ठ एकेरीत त्यांचे सर्वोत्तम स्थान ८३ वे राहिले. १९९६ पासून चालत आलेली एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्याला बालेवाडीत आली, पण २०२३ नंतर तीही देशाबाहेर गेली. तिसरी बाब म्हणजे, पेस यांच्या एकेरीतील ७३ व्या स्थानास अपयश म्हणणे आणि त्यांच्या पदकास केवळ जिद्दीचे फळ म्हणणे, या दोन्ही मांडण्या अपुऱ्या ठरतात. क्रमवारीचे गुण देणारे आठवडे आणि देशासाठी खेळण्याचे आठवडे यांचा हिशेब वेगवेगळा होता, आणि पेस यांनी दुसऱ्या हिशेबाला दिलेले महत्त्व त्यांच्या कारकिर्दीतून दिसते. कनिष्ठ विजेत्यांचे सत्कार करणाऱ्या समाजाने त्यांच्या अठराव्या वर्षानंतरच्या वाटेचा विचार कितपत केला, हा प्रश्न भारतीय क्रीडा इतिहासाच्या अभ्यासकांपुढे आजही उभा आहे.