रेफ्युजी नावाचे अस्वल

बालपणीचे खेळणे पुष्कळ वर्षांनी हाती येणे ही सर्वांच्या अनुभवातील गोष्ट आहे. माळ्यावरची पेटी उघडावी आणि तळाशी चाक निखळलेली लाकडी गाडी निघावी. परंतु जे खेळणे कधी हरवलेच नव्हते, ते एके दिवशी नव्याने सापडावे, असेही घडलेले आहे.

वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाच्या संग्रहात मुठीत मावेल एवढे एक अस्वल आहे. ते जर्मनीतील श्टाइफ कारखान्याचे. पोलिओने पाय अधू झालेल्या मार्गारेटे श्टाइफ यांनी हा उद्योग उभारला आणि त्यांचे पुतणे रिचर्ड यांनी १९०२ साली हलत्या हातापायांचे अस्वल घडविले. जर्मन हातांनी घडविलेले हे खेळणे पुढे जर्मनांपासूनच लपलेल्या एका मुलीच्या हाती गेले.

ती मुलगी सेल्मा श्वार्ट्‌झवाल्ड. १९३७ साली ल्वूव शहरात, आजच्या युक्रेनमधील लव्हीव येथे, ती एका ज्यू कुटुंबात जन्मली. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्याने ते शहर घेतले आणि त्याच वर्षी तिचे वडील कायमचे नाहीसे झाले. पुढच्या वर्षी तिच्या आईने, लॉरा यांनी, खोटी कागदपत्रे मिळविली. त्या कागदांवर मायलेकी पोलिश कॅथलिक होत्या. सेल्माची झोफिया टिमेयको झाली. क्राकूवमार्गे दोघी बुस्को-झ्द्रुय या गावी आल्या. आईने जर्मनांच्याच कचेरीत नोकरी धरली. मुलीला नवे नाव व नव्या प्रार्थना पाठ करविल्या, आणि ती इतकी लहान होती की काही दिवसांत तिला तेच खरे वाटू लागले. या खडतर काळात आईने तिला ते अस्वल आणून दिले.

सेमिनरीत असताना असत्यकथनाच्या पापाविषयी आम्ही पानेच्या पाने वाचली होती. या आईपुढे ती पाने मिटून ठेवावी लागतात. नाझींनी सुमारे १५ लाख ज्यू मुले मारली. त्यांत ही एक नव्हती, ती त्या असत्यामुळे.

युद्ध संपले तरी आईने सत्य सांगितले नाही. झोफिया मनोभावे देवळात जाई, गुडघे टेकी, आणि ज्यूंविषयी भोवताली जे बोलले जाई तेच स्वतःही मानी. १९४८ साली दोघी लंडनला गेल्या. तेथे आईने तिला ती कोण आहे ते सांगितले. ज्या लोकांचा तिरस्कार करायला ती शिकली होती, त्यांच्यातलीच ती निघाली. लंडनमध्येच तिने आपल्या अस्वलाचे नाव ठेवले : रेफ्युजी, म्हणजे निर्वासित. अस्वल तेच होते, पण आता त्याच्याकडे पाहणारी मुलगी स्वतःलाही नव्या नावाने ओळखू लागली होती. आमच्या मते खेळणे सापडले ते या क्षणी.

येथे आम्हां कॅथलिकांना थोडे थांबणे भाग आहे. जर्मनांच्या ताब्यातील पोलंडमध्ये ज्यूंना आसरा देणाऱ्यास मृत्युदंड होता, आणि तरीही अनेक धर्मभगिनींनी व साध्या शेतकऱ्यांनी ज्यू मुले दडवून वाचविली, हे अभिमानाने सांगावे. परंतु त्याच काळी जगभरच्या आमच्या देवळांतून गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत ज्यूंसाठी ‘विश्वासघातकी’ अशा अर्थाचे विशेषण म्हटले जाई, हेही सांगावे लागते. कोकणातील बेने इस्राएल, आपले शनिवार तेली, शेकडो वर्षे शेजारी असूनही ती प्रार्थना येथेही म्हटली गेली. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली तो शब्द काढून टाकला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या ‘नॉस्त्रा एताते’ या घोषणापत्राने स्पष्ट केले की, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष त्या वेळच्या सर्व ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर लादता येत नाही. तोपर्यंत झोफिया २८ वर्षांची झाली होती.

ती पुढे अमेरिकेत कर्करोगावर किरणोपचार करणारी डॉक्टर झाली. सोफी टर्नर-झारेत्स्की या नावाने ओळखली जाऊ लागली. अस्वल तिने जपले, आणि अखेर संग्रहालयाच्या स्वाधीन केले.

डिसेंबर २००६ मध्ये डिस्कव्हरी यानातून सुनीता विल्यम्स अवकाशस्थानकावर गेल्या, हे आपल्याकडे बहुतेकांना आठवत असेल. त्याच यानाचे प्रमुख मार्क पोलान्स्की यांनी रेफ्युजीची एक प्रतिकृती सोबत नेली होती. मूळ अस्वल प्रवासाला गेले नाही. त्याचा प्रवास बुस्को-झ्द्रुयहून लंडनपर्यंत आणि तेथून अमेरिकेपर्यंत आधीच झाला होता.