थंडीत तडकलेली जहाजे

१९४३ सालच्या १६ जानेवारीची गोष्ट. अमेरिकेतील पोर्टलंड शहरी नदीच्या धक्क्याला 'स्केनेक्टडी' नावाचे तेलवाहू जहाज बांधून ठेवलेले होते. अगदी नवे कोरे. समुद्रावरची चाचणी नुकतीच पार पडली होती. वादळ नव्हते, लाट नव्हती, शत्रूच्या पाणबुडीचा तर मागमूसही नव्हता. थंडी मात्र कडाक्याची होती. अशा त्या निवांत वेळी एकाएकी तोफ डागावी तसा आवाज झाला, तो म्हणे मैलभर ऐकू गेला, आणि पाहतात तो जहाजाची पाठ मोडलेली! डेक फाटला, दोन्ही कुशी फाटल्या; बुडाचे पत्रे तेवढे शाबूत राहिले. मधला भाग कमान होऊन पाण्यावर आला आणि दोन्ही टोके नदीच्या तळाला टेकली.

त्या काळी जहाजाला किंमत किती, हे ध्यानात घ्यायला हवे. जर्मन पाणबुड्या अटलांटिकवर जहाजांमागून जहाजे बुडवीत होत्या. बुडतील त्याहून भराभर नवी बांधायची, एवढा एकच उपाय होता. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेने 'लिबर्टी' जातीची २,७१० मालवाहू जहाजे पाण्यात सोडली. त्यांतले 'रॉबर्ट पिअरी' तर चार दिवस साडेपंधरा तासांत उभे राहिले. आपल्याकडे एवढ्या अवधीत दिवाळीचा फराळसुद्धा उरकत नाही! या वेगाचे मर्म वेल्डिंगमध्ये होते. पूर्वी पत्र्यावर पत्रा ठेवून रिवेट ठोकीत. ते काम सावकाशीचे आणि मुरलेल्या कारागिराचे. वेल्डिंग नव्या माणसाला थोडक्या दिवसांत शिकवता येई. पुरुष लढाईवर गेले होते, तेव्हा हजारो बायका पुढे आल्या. डोळ्यांवर काळी काच आणि हातात ठिणग्या उडवणारी कांडी घेऊन त्यांनी ही जहाजे सांधली.

आणि ती तडकू लागली. शेकडो जहाजांना भेगा गेल्या. काही तर भर समुद्रात दुभंगली. १९४३ च्या नोव्हेंबरात 'जॉन पी. गेन्स' अलास्काजवळ मोडले आणि दहा माणसे प्राणाला मुकली. दोष कुणाचा? बोट चटकन वळले ते वेल्डिंगकडे आणि ते करणाऱ्या नवशिक्या हातांकडे. काही जोड खरोखरच कच्चे निघाले, हे कबूल केले पाहिजे. पण जोड पक्का असूनही शेजारचा साबूत पत्रा काचेसारखा का फुटावा?

या प्रश्नाचा छडा लावणाऱ्यांत इंग्लंडमधील केंब्रिजच्या एक बाई होत्या, कॉन्स्टन्स टिपर. जन्म १८९४ चा. त्यांचे यजमान जॉर्ज टिपर हे हिंदुस्थानच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यात नोकरीला होते, म्हणजे आपल्या देशाशीही या घराचा धागा आहे. बाईंनी तरुणपणी जी. आय. टेलर या नामांकित शास्त्रज्ञाबरोबर धातूचे स्फटिक ताणले की कसे सरकतात याचा अभ्यास केला होता. त्या केंब्रिजातच शिकल्या होत्या, पण त्या विद्यापीठाने १९४८ पर्यंत स्त्रियांना पूर्ण पदवी दिली नाही! जहाजाच्या पोलादाची परीक्षा घ्यायला बाई चालते, मात्र पदवीला चालत नाही. मला तरी हा न्याय कधी कळला नाही.

युद्धात पुरुष प्राध्यापक दुसरीकडे गुंतले तेव्हा शिकवण्याचा बोजाही बाईंवर पडला. तो सांभाळून त्यांनी जहाजांचे पत्रे तपासले. त्यांनी काय दाखवले ते स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगतो. चिक्की पोळपाटावर गरम असते तेव्हा वाकवली तर वाकते. गार झाली की कडकन मोडते. दोहोंच्या आतली कारणे निराळी आहेत, पण पोलादाचे वागणे असेच दिसते. विशिष्ट तपमानाच्या वर ते ताणते, वाकते, मग तुटते. त्या खाली काही पूर्वसूचना न देता फुटते. त्या घाईच्या काळातल्या पुष्कळ पत्र्यांची ही सीमा नेमकी थंड समुद्राच्या तपमानाच्या आसपास होती. म्हणजे मूळ खोट पोलादातच होती.

मग जुनी रिवेटची जहाजे कशी टिकली? आजीची गोधडी आठवा. एक तुकडा फाटला तर फाटणे शिवणीपाशी अडते. अखंड कापड मात्र एकदा फाटू लागले की टरकन टोकापर्यंत जाते. रिवेटच्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेशी थांबे. वेल्डिंगने सारे जहाजच एकसंध झाले होते, भेगेला अडवणारे कुणी उरले नाही. त्यात माल उतरवायच्या तोंडांचे कोपरे चौकोनी! सारा ताण अशा काटकोनात एकवटतो, आणि भेग पुष्कळदा तिथूनच निघे.

उपाय निघाले. कोपरे गोल केले, डेकवर भेग थोपवणाऱ्या पट्ट्या बसवल्या. पुढे जहाजाच्या पोलादात कर्ब कमी आणि मँगनीज अधिक ठेवू लागले. खाच पाडलेल्या तुकड्यावर लंबकाचा हातोडा सोडून पोलादाचा चिवटपणा मोजण्याची रीत जुनीच होती. आता ती थंड करून घेतलेल्या तुकड्यांवर कसोशीने होऊ लागली. 'स्केनेक्टडी' दुरुस्त होऊन त्याच वर्षी पुन्हा कामाला लागले.

जाता जाता एक सांगतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत ज्याच्या स्फोटाने हाहाकार उडाला, ते 'फोर्ट स्टिकीन' लिबर्टी जहाजांच्याच गोतातले. दोहोंचे मूळ आराखडे इंग्लंडचे. ते बांधले कॅनडात. त्या अनर्थाशी पोलादाचा संबंध नव्हता. कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात भरणाऱ्यांचा होता.

टिपरबाई १९६० मध्ये निवृत्त झाल्या आणि पुढे १९९५ पर्यंत, एकशे एक वर्षे जगल्या. लिबर्टी जहाजांपैकी 'जेरेमाया ओब्रायन' आजही सान फ्रान्सिस्कोच्या धक्क्याला आहे. नॉर्मंडीच्या स्वारीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९९४ साली, ते म्हातारे जहाज स्वतःच्या इंजिनावर समुद्र ओलांडून फ्रान्सच्या त्याच किनाऱ्याला जाऊन आले. त्या वर्षी बाईंना शंभर वर्षे पूर्ण झाली होती.